ई आणि साइनचा गुणाकार: इंटिग्रल फिरून परत आले तर?

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या क्लासमध्ये दरवर्षी हा प्रश्न येतोच: "सर, दोनदा बाय पार्ट्स केलं, तरी पहिलंच इंटिग्रल परत आलं. आता?" आता काही नाही. गणित जवळपास सुटलं आहे.

असं का होतं? बाय पार्ट्समध्ये गुणाकारातल्या एकाचं डेरिव्हेटिव्ह घेतो, दुसऱ्याचं इंटिग्रेशन. गुणाकारात नुसता एक्स असता, तर त्याचं डेरिव्हेटिव्ह १ होऊन तो संपला असता. इथे साइनचं कॉस होतं, कॉसचं उणे साइन होतं, आणि ई तर काही केलं तरी ईच राहतो. कुणीच संपत नाही, म्हणून गणित फिरून येतं.

उदाहरण घेऊ.
आय = ∫ ई^(२एक्स) साइन ३एक्स डीएक्स

पायरी १. आधी त्याला 'आय' हे नाव द्या. पुढे सगळं त्यावरच चालतं.

पायरी २. साइनचं डेरिव्हेटिव्ह, ईचं इंटिग्रेशन:
आय = (१/२) ई^(२एक्स) साइन ३एक्स − (३/२) ∫ ई^(२एक्स) कॉस ३एक्स डीएक्स

पायरी ३. उरलेल्या इंटिग्रलला पुन्हा बाय पार्ट्स, पण भूमिका त्याच. इथेच मुलं घसरतात: या वेळी ईचं डेरिव्हेटिव्ह घेतलं, तर केलेलं सगळं उलटतं आणि हाती 'आय = आय' उरतं. पहिल्यापासून ईचंच डेरिव्हेटिव्ह घेतलं तरी चालतं, फक्त मध्येच अदलाबदल नको.
आय = (१/२) ई^(२एक्स) साइन ३एक्स − (३/४) ई^(२एक्स) कॉस ३एक्स − (९/४) आय

पायरी ४. उजवीकडचा आय डावीकडे घ्या. १ + ९/४ म्हणजे १३/४. भागून टाका:
आय = (१/१३) ई^(२एक्स) (२ साइन ३एक्स − ३ कॉस ३एक्स) + सी

सी शेवटी लिहिला तरी पुरे, पण विसरू नका.

हा १३ म्हणजे २² + ३². २ च्या जागी ए, ३ च्या जागी बी ठेवलं की छेदात ए² + बी² आणि कंसात (ए साइन बीएक्स − बी कॉस बीएक्स). सीईटीला हे पाठ असलेलं बरं. बोर्डाच्या पेपरात मात्र पायऱ्या मांडा. उत्तराची शंका आली तर डेरिव्हेटिव्ह घेऊन पाहा, मूळ गुणाकार परत यायला हवा.

पुढे वालचंदला किंवा कुठेही इंजिनिअरिंगला गेलात, तर साइन बीटीचा लाप्लास ट्रान्सफॉर्म भेटेल: बी/(एस² + बी²). तो हाच इंटिग्रल आहे, फक्त एक्सच्या जागी टी, ए = −एस, आणि मर्यादा शून्य ते अनंत.