गल्लीतला बंद दिवा, कोपऱ्यातला कचरा आणि लाईट बिल : बेळगाव भागात ही कामं कशी करून घ्यायची

मी वडगावात राहते. आमच्या गल्लीच्या टोकाला, गटार वळतं तिथं कचऱ्याचा एक ढीग कायमचा बसलेला असायचा, म्हणजे सकाळी उचलून न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत तिथंच पिशव्या, शिळा भात, करवंट्या, एकदा तर फुटका कमोड. बोर्ड लावून झाला, देवाच्या फोटोच्या टाईल्स लावून झाल्या, भांडणं पण झाली. मग एका रात्री माझ्या सासूबाई म्हणाल्या, अगं त्या खांबावरचा दिवा बंद आहे म्हणून तर लोक तिथं टाकतात, उजेडात कोण टाकणार? खरंच होतं ते. दिवा लागला आणि पंधरा दिवसांत ढीग निम्म्यावर आला.

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते की आधी उजेड बघा, मग कचरा बघा, आणि मग घरचं लाईट बिल, ह्या ऑर्डरनं गेलात तर काम होतंय. कसं करायचं ते जमेल तसं सगळं लिहिते.

सगळ्यात आधी आपली गल्ली कुणाच्या हद्दीत येते ते नक्की करा, कारण चुकीच्या ऑफिसात अर्ज दिला की पंधरा दिवस असेच जातात. बेळगाव शहरात महानगरपालिका, तिचे ५८ वॉर्ड आहेत, घरपट्टीच्या पावतीवर तुमचा वॉर्ड नंबर असतोय. कॅम्पात राहत असाल तर पालिका नाही, कँटोन्मेंट बोर्ड. खानापुरात पट्टण पंचायत, निपाणीला नगरपालिका, आणि येळ्ळूर, हिंडलगा, कंग्राळी असल्या शहराला चिकटलेल्या गावांत ग्रामपंचायत, तिथं पीडीओला, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याला भेटायचं. विजेचं हेस्कॉमकडं, म्हणजे आपल्या भागातल्या सरकारी वीज कंपनीकडं, फक्त हुक्केरी तालुक्यात तिथली ग्रामीण वीज सहकारी संस्था वीज देते, तिथल्या लोकांनी बिलावर कुणाचं नाव आहे ते बघूनच पुढं जावं. आणि एक, आपले अर्धे पाहुणे चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरला असतात, ते महावितरणचे मेसेज फॉरवर्ड करतात आणि आपण तेच धरून बसतो. तिकडचे नियम वेगळे, इकडचे वेगळे, ते मेसेज बाजूला ठेवा.

आता दिवा. साधारणपणे खांब आणि तारा हेस्कॉमच्या, पण वरचा दिवा आणि त्याचं बिल पालिकेचं किंवा पंचायतीचं. म्हणून एकच दिवा बंद असेल तर पालिकेत जायचं. पूर्ण रांग बंद असेल तर लाईनचा किंवा स्विचचा प्रॉब्लेम असतोय. तार लोंबकळत असेल, ठिणग्या पडत असतील तर अर्ज लिहीत बसू नका, लगेच हेस्कॉमच्या १९१२ ला फोन करा आणि पोरांना खांबाजवळ जाऊ देऊ नका. आणि दिवसा जळणारा दिवा पण तेवढाच महत्त्वाचा हो. ७० वॅटचा दिवा दिवसाचे १२ तास फुकट जळला की महिन्याला २५ युनिट वाया, एका दिव्याचे! ते पैसे आपल्या घरपट्टीतूनच जातात.

तक्रार करताना खांबाचा नंबर द्या. खांबावर रंगानं नंबर लिहिलेला असतोय, पुसला असेल तर जवळच्या खांबाचा नंबर घ्या आणि "त्याच्या पुढचा दुसरा" असं लिहा. आमचा पहिला अर्ज "गल्लीतले दिवे बंद आहेत" एवढाच होता, त्याचं काहीच झालं नाही, आणि आता मला कळतंय की तो वाचून लाईनमन तरी कुठं जाणार होता. दुसरा असा लिहिला :

"वॉर्ड नं. अमुक, अमुक गल्ली, मारुती मंदिराच्या मागे, खांब नं. अमुक, अमुक आणि अमुक वरील तीन दिवे तीन महिन्यांपासून बंद आहेत. त्याच ठिकाणी रात्री कचरा टाकला जातो. दिवसाचा आणि रात्रीचा फोटो जोडला आहे. कृपया दुरुस्ती करून तारीख कळवावी."

खाली गल्लीतल्या पंधरावीस जणांच्या सह्या आणि फोन नंबर. दोन प्रती काढा, एक तिथं द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय काउंटरवरनं हलू नका. भाषेचं म्हणाल तर मी मराठीत लिहिते आणि मागच्या बाजूला तेच कन्नडात लिहून घेते. शेजारची कॉलेजला जाणारी पोरगी दहा मिनिटांत लिहून देते, त्यानं काम लवकर होतंय हा माझा अनुभव. नगरसेवकाला त्याच शिक्क्याच्या कागदाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, नुसतं "दादा, बघा की जरा" म्हणून उपयोग नाही.

दिवा लागला की त्याच आठवड्यात कचऱ्याचा कोपरा धरा, उशीर करू नका, कारण लोकांना सवय असते. आम्ही काय केलं, आधी कचरागाडी किती वाजता येते ते तीन दिवस घड्याळ लावून बघितलं. ती सव्वासातला यायची आणि ज्यांची ड्युटी सकाळी सहाची, किंवा मागावर रात्रपाळी करून जे झोपलेले, त्यांचा कचरा कायम चुकायचा, तोच रात्री कोपऱ्यात जायचा. म्हणजे माणसं वाईट नव्हती, वेळ जुळत नव्हती. मग प्रत्येक चारपाच घरांमागं एका घरानं शेजाऱ्यांच्या बादल्या बाहेर आणायच्या असं ठरवलं. एवढ्यानंच बराच फरक पडला. ढीग पूर्ण उचलल्यावर जागा धुतली, शेण-सडा घातला, आणि आठवडाभर रोज सकाळी एकेका घरानं तिथं रांगोळी काढली. रांगोळीवर कचरा टाकायला हात धजत नाही, बघा करून.

गाडीवर "हसी कस" आणि "ओण कस" असं लिहिलेलं असतंय, हसी म्हणजे ओला आणि ओण म्हणजे सुका. २०१६ च्या घनकचरा नियमांपासून वेगळा करून देणं ही आपली जबाबदारी आहे. ओल्यात भाजीची देठं, खरकटं, चहाची पूड, फुलं. सुक्यात कागद, प्लास्टिक, काच, डबे, पण दुधाची पिशवी विसळून वाळवून द्या, नाहीतर सगळ्याला वास मारतो. पॅड आणि डायपर पेपरात गुंडाळून वेगळे. फुटलेली काच, ब्लेड, इंजेक्शनच्या सुया ह्या जाड पुठ्ठ्यात बांधून वर मोठ्या अक्षरात लिहून द्या. आमच्या गाडीवरच्या बाईंचा तळहात मी बघितलाय, अंगठ्यापासून मनगटापर्यंत कापल्याची खूण, कुणीतरी फुटका ग्लास भाताच्या पिशवीत घातलेला. पौरकार्मिकांचे, म्हणजे ह्या सफाई कामगारांचे हात आपल्या पिशवीत जातात हे लक्षात ठेवून पिशवी बांधा एवढंच माझं म्हणणं आहे.

एकत्र दिलेला कचरा जातो तुरमुरी गावाला, कचरा डेपोत. वास आणि माशा तिथल्या लोकांना, कचरा आपला. आपण ओला घरातच जिरवला तर तेवढं वजन कमी होतंय. वीस लिटरचा रंगाचा डबा घ्या, बुडाला आणि बाजूनं भोकं पाडा, खाली सुका पाला, मग रोजचा ओला कचरा, त्यावर परत मूठभर पाला किंवा नारळाची शेंडी कुटून, आणि आठवड्यातनं एकदा वाटीभर आंबट ताक. दोन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत तयार. वास मारायला लागला तर पाणी जास्त झालंय, पाला वाढवा. आपल्याकडं जूननंतर पाऊस काय थांबत नाही, त्यामुळं डबा छपराखालीच ठेवा.

पाला आणि प्लास्टिक पेटवायचं मात्र बंद करा. राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ च्या डिसेंबरमध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घातली, साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,००० रुपये दंड सांगितलाय. दंड राहू द्या, थंडीत सकाळी तो धूर खालीच बसतो आणि दम्याची म्हातारी माणसं दारं लावून बसतात.

गावात असाल तर पंचायतीची स्वच्छ वाहिनी गाडी असते, बऱ्याच ठिकाणी बचतगटाच्या बायकाच ती चालवतात. येत नसेल तर ग्रामसभेत विषय लेखी द्या, तोंडी बोललेलं नोंदवहीत येत नाही.

आता घरचं बिल. हेस्कॉमचं बिल कन्नडात येतंय म्हणून आपले बरेच लोक फक्त खालचा आकडा बघून पैसे भरतात. तीन शब्द शिका : बळके म्हणजे वापर, बाकी म्हणजे मागची बाकीच, ओट्टु म्हणजे एकूण. बिलावरचा आरआर नंबर (आपल्या कनेक्शनचा नंबर) किंवा अकाउंट आयडी वहीत लिहून ठेवा, सगळीकडं तोच लागतो.

गृहज्योतीचं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेचं, अजून पण लोकांना नीट कळलेलं नाही. सगळ्यांना सरसकट २०० युनिट फुकट नाहीत. २०२२-२३ सालचा तुमचा महिन्याचा सरासरी वापर धरून त्यात वर थोडे युनिट वाढवतात, तेवढे युनिट मोफत. समजा तुमची मर्यादा ११० आहे आणि वापर १४० झाला तर वरच्या ३० युनिटचे पैसे भरायचे. पण २०० च्या वर एक युनिट जरी गेला तर त्या महिन्याचं पूर्ण बिल तुमच्यावर. म्हणून १८०-१९० ला अडकणाऱ्या घरांनी थोडी काळजी घेतली तर मोठा फरक पडतोय. २ किलोवॅटचा गिझर रोज एक तास म्हणजे महिन्याला ६० युनिट, घरातला सगळ्यात मोठा खादाड तोच. जुना ७५ वॅटचा पंखा रोज पंधरा तास फिरला तर जवळजवळ ३४ युनिट, ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा नवीन) पंखा साडेतेरा. दोन पंखे बदलले की चाळीस युनिट वाचले. भाडेकरूंना पण योजना मिळते, मात्र घर बदलताना जुन्या मीटरवरून आपलं नाव काढून घ्या, नाहीतर नवीन घरी अडतंय.

सोलर कुणी बसवावं? माझं सरळ मत, ज्यांचं बिल गृहज्योतीत शून्य येतंय त्यांनी घाई करू नये. ज्यांचा वापर दर महिन्याला २०० च्या पुढं जातोय, एसी आहे, बोअरची मोटर आहे, त्यांनी नक्की बघावं. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ पासून आहे, सबसिडी १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ ला ६०,००० आणि ३ किंवा त्यापुढं ७८,०००. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि दिवसाला सरासरी चारेक युनिट मिळतात. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये भरपूर. नेट मीटर असल्यामुळं जास्तीची वीज लाईनीत जाते आणि हिशेबात धरतात.

सूर्यघरच्या पोर्टलवर राज्य कर्नाटक आणि कंपनी हेस्कॉम निवडायची, अकाउंट नंबर टाकायचा, मग यादीतलाच व्हेंडर घ्यायचा. बिल अजून आजोबांच्या नावावर असेल (आपल्याकडं निम्म्या घरांत असतंय) तर आधी नाव बदलून घ्या, सबसिडी तिथंच अडकते. घराचा उतारा, मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, हे आधी गोळा करा. कोटेशन घेताना पॅनल डीसीआर आहे का असं स्पष्ट विचारा, म्हणजे सेल पण देशात बनलेले पाहिजेत, तसे नसतील तर सबसिडी नाही, आणि स्वस्तातलं कोटेशन बहुतेक वेळा त्यामुळंच स्वस्त असतंय. सबसिडी नंतर बँकेत येते, आधी पैसे तुम्हाला उभे करावे लागतात, कर्ज मिळतं. पाच वर्षं देखभाल व्हेंडरची, हे लेखी घ्या. पावसासाठी गच्चीवर पत्रा मारलेला असेल तर त्याचे अँगल वजन आणि वारा सोसतात का हे फॅब्रिकेटरला दाखवूनच पुढं जा. आणि गृहज्योतीचा हिशेब सोलरनंतर बिलात कसा धरणार हे हेस्कॉमच्या आपल्या सबडिव्हिजन ऑफिसात जाऊन आधीच विचारा.

मंडळाच्या पोरांना पण सांगते. गणपतीत मंडपाला वीज घेताना खांबावर आकडा टाकू नका, हेस्कॉमकडं तात्पुरतं कनेक्शन मिळतं. महाप्रसादाला शंभरच्या वर माणसं असतील तर तीन कामाचे दिवस आधी पालिकेला कळवायचं असतं, कळवलं की गाडी पण मागता येते. आमच्या मंडळानं वर्गणीतनं स्टीलची ताटं घेतली, त्या वर्षी थर्माकोलच्या डिशचा ढीग झालाच नाही. निर्माल्य कपिलेश्वर तलावापर्यंत नेऊ नका, गल्लीतच ड्रममध्ये काढून खताला घाला.

एवढं करून पण कुणी दाद देत नसेल तर १९०२ ला, राज्य सरकारच्या जनस्पंदन तक्रार सेवेला फोन करा, तक्रार नंबर मिळतो. त्यानं पण नाही झालं तर माहिती अधिकार. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर, हा कर्नाटकातला नियम आहे, म्हणून दिव्याचा वेगळा आणि कचऱ्याचा वेगळा अर्ज करा. "दिवे का बंद" असं विचारू नका. "अमुक खांबांच्या दुरुस्तीचं काम कुणाला दिलंय, त्या कराराची प्रत आणि माझ्या इनवर्ड नंबरच्या अर्जावर काय कारवाई झाली त्याच्या नोंदीची प्रत द्या" असं मागा, कागद मागितला की उत्तर द्यावं लागतंय. ३० दिवसांची मुदत असते. मागच्या गल्लीसाठी चार दिव्यांचा अर्ज आम्ही असाच टाकलाय, उत्तर यायच्या आतच तीन लागले, चौथ्याच्या मागं अजून आहोत.