गिझर बदलायचाय? पाण्याचं तुम्ही करा, करंटाचं वायरमनला करू द्या

आमच्या लातुरात गिझर म्हातारा होऊन जात नाही, क्षारानं जातो. 2016च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते हे शहर. नळाला पाणी आलं तरी वरच्या टाकीत बोअरचं नाहीतर टँकरचं मिसळलेलं असतंच. पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर 600पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. आमच्या काळ्या खडकातल्या बोअरला हे कोण सांगणार? स्टीलच्या पातेल्यात हे पाणी रोज उकळा, आठवड्यात तळाशी पांढरा थर धरतो. तोच थर गिझरच्या कॉइलवर बसतो.

म्हणून दुकानात जाण्याआधी जुना गिझर खरंच गेलाय का ते बघा. पाणी तापायला पूर्वीपेक्षा फार वेळ लागतोय, आतून फुटाणे भाजल्यासारखा आवाज येतोय, तर क्षार साचलाय. मेकॅनिक कॉइल काढून टाकी साफ करून देतो. दिवा लागतो पण पाणी गारच, तर बहुतेक कॉइल किंवा थर्मोस्टॅट गेलाय, आणि हे दोन्ही सुटे मिळतात. टाकीच्या पत्र्यातूनच पाणी झिरपत असेल, तर मात्र डागडुजीला पैसे घालू नका. नवा घ्या.

खेड्यावरच्या लोकांनी आणखी एक तपासावं. 230 व्होल्टला 2000 वॅट खेचणारा गिझर 180 व्होल्टला जेमतेम 1200 वॅटचा उरतो. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60वर न्यायला एरवी अठरा-वीस मिनिटं लागतात, तिथं अर्धा तास जातो. सकाळी सगळ्या गल्लीचे गिझर एकदम चालू झाले की व्होल्टेज असं पडतं. गिझर बदलून व्होल्टेज वाढत नाही.

आधी ठरवा, हात कुठवर घालायचा

मी पहिला गिझर स्वतः बसवला तेव्हा प्लंबरची मजुरी वाचवल्याचा मोठा तोरा होता. नळ जोडले, बटण दाबलं, आणि टाकीत पाणीच भरलेलं नव्हतं. नवी कॉइल कोरड्यात जळाली. पुढच्या वेळी वायरमनला बोलावलं, तर तो हसून म्हणाला, “सर, पाण्याचं तुमी करा, करंटाचं मला करू द्या.” तेव्हापासून मी ही वाटणी पाळतो.

जुन्याच जागी, तेवढ्याच लिटरचा, विजेचा गिझर बसवायचाय, भिंत पक्क्या विटांची आहे, 16 अँपियरचा पॉइंट शाबूत आहे आणि अर्थिंग कुणीतरी जाणकारानं तपासलंय, तर बाकीचं काम हाताला सवय असलेला माणूस करू शकतो. यातलं एकही ‘नाही’ निघालं तर माणूस बोलवा. जुन्या वाड्याच्या माती-दगडाच्या भिंतीत साधा बोल्ट धरत नाही, नव्या फ्लॅटच्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीतही नाही. 15 लिटरचा भरलेला गिझर पंचवीस किलोच्या आसपास जातो, आणि तो तुमच्या डोक्यावर टांगलेला असतो.

गॅस गिझर स्वतः बसवायचा तर विचारच करू नका. बंद बाथरूममध्ये त्याची ज्योत हवा पुरेशी न मिळाल्यानं कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस अंघोळ करता करता कोसळतो. तो कुठे आणि कसा बसवायचा, हे जाणकारानंच ठरवावं.

वायरमनला काय विचारायचं

2000 वॅटचा गिझर सुमारे 9 अँपियर घेतो. दिव्याच्या बोर्डावरच्या 6 अँपियरच्या सॉकेटमध्ये तो लावला की पिन वितळते, बोर्ड काळा पडतो. त्याला बोर्डापासून वेगळी लाइन हवी. तार तांब्याची, किमान अडीच चौरस मिलिमीटरची, लांब अंतर असेल तर चारची. जादा करंट ओढला की आपोआप पडणारी स्वतंत्र एमसीबी हवी आणि गळणारा करंट पकडून लाइन तोडणारी 30 मिलिअँपियरची आरसीसीबी हवी. बटण बाथरूमच्या बाहेर.

खरी मेख अर्थिंगची. आपल्याकडे मे महिन्यात काळी जमीन भेगाळते, तेव्हा मीठ-कोळशाचा जुना अर्थिंगचा खड्डाही कोरडाठाक होतो. कोरडी माती करंट वाहून नेत नाही. खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायचं असतं, हे घर बांधल्यावर कुणालाच आठवत नाही. अर्थिंग तपासायला सांगाल तेव्हा बोर्ड उघडूनही बघायला सांगा. काही जण अर्थची पिन आतल्या आत न्यूट्रलला जोडून देतात. मग टेस्ट लॅम्प झकास पेटतो, पण कुठे न्यूट्रल तुटली की गिझरच्या पत्र्यातच करंट उतरतो. असा तारेचा तुकडा दिसला तर दुसरा माणूस शोधा. मजुरी कामाआधीच बोला, त्यात भिंतीला भोकं पाडणं आणि पाइप धरलेत का तेही विचारा. नवा गिझर कंपनीच्या माणसानंच बसवावा, अशी वॉरंटीची अट असेल तर हा लेख इथंच सोडलात तरी चालेल.

पाण्याचं काम

आदल्या रात्रीच गिझर बंद ठेवा, पाणी गार होऊ द्या. सकाळी एमसीबी पाडा, प्लग उपटा. वायर सॉकेटऐवजी थेट बोर्डात गेली असेल तर ती वायरमनलाच सोडवू द्या.

गार पाण्याचा अँगल कॉक बंद करा आणि गरम नळ उघडा, म्हणजे आत हवा शिरेल. खाली बादल्या ठेवून गार बाजूचा पाइप आणि त्यामागचा, टाकीतला जादा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह सोडवा. बादलीभर तरी गढूळ पांढरं पाणी पडेल. जुना नट क्षारानं जाम असेल तर जोर लावू नका, भिंतीतला पाइपच फिरून तुटतो. एका पान्यानं मागचा भाग धरा, दुसऱ्यानं नट फिरवा. गिझर उतरवताना खाली दुसरा माणूस उभा हवाच.

नव्या गिझरच्या भोकांचं अंतर जुन्या बोल्टांशी क्वचितच जुळतं. जुळवून घेण्याच्या नादात एकाच बोल्टवर टांगू नका, नवे फास्टनर मारा. निळी खूण गार पाण्याची, लाल गरम पाण्याची. प्रत्येक आट्यावर टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनं गुंडाळा, कनेक्शन पाइप नवेच घ्या. सेफ्टी व्हॉल्व्ह गार बाजूला, बाण गिझरकडे.

आता गार कॉक उघडा, गरम नळ उघडाच ठेवा. आधी फुसफुस हवा येईल, मग खाकरत पाणी, मग सरळ धार. धार सरळ झाल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. माझी कॉइल आठवा. नळ बंद करून पंधरा मिनिटं सांधे कोरड्या कागदानं पुसत राहा, मग वायरमननं तपासलेल्या पॉइंटला प्लग लावा.

तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब गळतात. 15 लिटर पाणी तापून 200 मिली फुगतं, ते कुठे जाणार? शेजारी त्याला एम-सील लावायला सांगतील. लावू नका, टाकी फुटेल. बारीक नळी जोडून ती मोरीत सोडा.

थर्मोस्टॅट 55 ते 60 अंशांवर ठेवा, त्यापुढे क्षार झपाट्यानं बसतो. टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते, ती गंज स्वतःवर घेऊन पत्रा वाचवते. बोअरचं पाणी असेल तर ती दरवर्षी दिवाळीच्या आसपास, थंडी सुरू व्हायच्या आत, बघून घ्या.

जुना गिझर आम्ही भंगारवाल्याला दिला. पाणी पूर्ण काढलेलं होतं, तरी त्याला तो गाड्यावर चढवताना धाप लागली. “काका, यात दगड भरलेत का?” म्हणाला. उलटा करून आपटला, तर दोन ओंजळी पांढऱ्या खपल्या रस्त्यावर पडल्या. वजन करताना त्यानं त्या आधी झाडून टाकल्या.