पिल्लू घरी येण्याआधी

गेल्या अकरा वर्षांत पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरातून कुत्र्याची एकोणीस पिल्लं दुसऱ्यांच्या घरी नांदायला गेली. कुणाची आई गाडीखाली गेलेली, कुणाला कोणी खोक्यात घालून दाराशी ठेवून गेलेलं. सोळा सुखात आहेत. तीन परत आली. तिन्ही पिल्लं चांगली होती. घरं तयार नव्हती, आणि ती तयार करून घेणं माझं काम होतं. तेव्हापासून पिल्लू द्यायच्या आधी मी त्या घरी जाते, चहा घेते आणि पुढचं सगळं एकेक करून बोलते. ज्यांच्याकडे जाणं जमत नाही त्यांच्यासाठी ते इथं लिहून ठेवते आहे.

सगळ्यात आधी घरातली सगळी माणसं एकत्र बसवा आणि जे माणूस दिवसभर घरी असतं त्याचा होकार पहिला घ्या. परत आलेलं पहिलं पिल्लू अशा घरातलं होतं, जिथं नवरा-बायको नोकरीला, मुलगा शाळेत आणि घरी एकट्या आजी. आजींना लहानपणी कुत्रं चावलं होतं, पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्या दिवसभर पलंगावर पाय वर घेऊन बसायच्या आणि पिल्लू खाली पलंगाभोवती फिरत राहायचं, त्याला तो खेळ वाटायचा. आठव्या दिवशी सुनेचा फोन आला. घरकामाच्या मावशींनाही विचारा. त्या घाबरत असतील तर पिल्लू रोज दोन तास गॅलरीत कोंडलं जाईल, आणि आपल्याला वाटेल की ते उगीच भुंकतंय.

मग एक कागद घेऊन दिवस लिहून काढा. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपलीकडे शू धरवत नाही. ढोबळ हिशेब असा, की जितक्या महिन्यांचं पिल्लू त्यात एक मिळवा, तितके तास. म्हणजे सुरुवातीला रात्रीही एकदा उठणं आलं. सकाळी सहाला कोण खाली नेणार, दुपारी कोण, रात्री दोनला कोण, हे नावानिशी लिहा. ‘सगळे मिळून बघू’ असं लिहिलेलं मी खोडायला लावते. कुत्रं दहा ते चौदा वर्षं जगतं. आज पाचवीत असलेला मुलगा तोवर कॉलेज संपवून घराबाहेर पडलेला असेल, तेव्हा त्या कागदावर आईचं किंवा बाबांचं नाव खरोखर असलं पाहिजे.

आता कुठलं कुत्रं. बहुतेक जण फोटो बघून ठरवतात. मी सांगते, त्याच्या आजा-पणज्यांना माणसानं कुठल्या कामासाठी वाढवलं ते बघा, कारण ते काम रक्तातून जात नाही. लॅबचे, म्हणजे लॅब्राडॉरचे, पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर पाण्यात उतरून जाळी आणि निसटलेले मासे तोंडात धरून आणायचे. म्हणून लॅब चपलेपासून रिमोटपर्यंत दिसेल ते तोंडात धरतो. त्यात खोडसाळपणा काही नाही. बीगल सशाच्या मागावर सोडला जायचा, त्याचं नाक जमिनीला टेकलं की आपली हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही. जर्मन शेफर्ड मूळचा मेंढ्या राखणारा. घरातली माणसं चार खोल्यांत पांगली की तो या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालतो. हस्की बर्फावर गाडी ओढणारा, अंगावर दुहेरी केस. त्याला नागपूरच्या मे महिन्यात ठेवणं मला क्रूरपणाचं वाटतं, घरात एसी असला तरी. एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीनंतर घरोघर पग आले. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर काढतं, आणि चपट्या नाकाच्या पगला नेमकं तेच नीट जमत नाही. आपल्याकडचं कारवानी किंवा कर्नाटकातलं मुधोळ दिसायला राजबिंडं, टपाल खात्यानं २००५ साली मुधोळचं तिकीटही काढलं. पण ते नजरेनं सावज हेरून धावणारं कुत्रं आहे. त्याला रान लागतं, शेत लागतं, आणि परक्यानं अंगावर हात ठेवलेला त्याला खपत नाही. सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये ते कुढतं.

फ्लॅटसाठी माझं मत गावठीच्या बाजूनं आहे आणि ते मी लपवत नाही. इथल्या उन्हापावसात घडलेलं अंग, आखूड केस, तल्लख डोकं. मात्र तेही आधी माहीत असू द्या, की गावठी कुत्रं जागं असतं. लिफ्टचं दार वाजलं तरी ते भुंकणार, आणि नव्या माणसाला जवळ करायला वेळ घेणार. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या मांडीवर जाऊन बसणारं कुत्रं हवं असेल तर गावठी आणून त्याच्यावर रुसू नका.

जात ठरली म्हणजे स्वभाव ठरला असं नाही. एका वेतातली भावंडंही वेगवेगळी निघतात. त्यामुळे पिल्लू निवडायला जाल तेव्हा आधी आई बघा. ती तुम्हाला बसू देते का, पिल्लांपाशी हात नेला तर काय करते, ताठरते की वास घेऊन परत आडवी होते. आईचा भित्रेपणा पिल्लांत उतरतो, थोडा रक्तातून आणि थोडा तिचं बघून. आई दाखवायला कुणी टाळाटाळ करत असेल तर तिथून पिल्लू घेऊ नका. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला केंद्राच्या २०१७ च्या नियमांनी बंदी आहे आणि ब्रीडरची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणीचा कागद मागायला संकोच करू नका. आठ आठवड्यांचं कारण साधं आहे. भावंडांना चावताना समोरचं केकाटलं की दात आवरायचे, हे पिल्लू आईपाशीच शिकतं. पाचव्या आठवड्यात उचलून आणलेलं पिल्लू ते तुमच्या मुलाच्या मनगटावर शिकतं.

मागच्या पावसाळ्यात एका हार्डवेअरच्या दुकानामागे पाच पिल्लं होती. मी थोडी लांब बसले आणि स्टीलचा डाव फरशीवर पडू दिला. पाचही दचकली, ते साहजिकच आहे. दचकल्यानंतर कोण काय करतं हे मला बघायचं होतं. दोन आईकडे पळाली आणि दुधाला लागली. एक काळं पिल्लू पोत्यांमागे गेलं ते दहा मिनिटं बाहेर आलंच नाही. एक जागच्या जागी भुंकलं. आणि पांढऱ्या पायाची एक मादी चार पावलं मागे जाऊन थांबली, मान लांब करून वास घेतला, मग येऊन डावाला नाक लावलं. लहान मुलांच्या, पाहुण्यांच्या घरी ती गेली. काळं पिल्लू एका निवृत्त जोडप्याकडे गेलं, जिथं दुपारी पंख्याचाच काय तो आवाज, आणि तिथं ते फुललं. पण एका परीक्षेवर भरवसा ठेवू नका. पिल्लू नुकतं जेवलेलं असेल, झोपेत असेल, पोटात जंत असतील. वेगवेगळ्या वेळी दोन-तीनदा जा आणि त्यांना रोज खायला घालणाऱ्या माणसाला विचारा. त्याला सगळं ठाऊक असतं.

पिल्लू ठरलं की एक फेरी डॉक्टरांकडे मारा, पिल्लाला न नेता. दवाखाना घरापासून किती लांब, रविवारी कोण असतं, रात्री कुठं जायचं, हे आधीच विचारून ठेवा. पार्व्हो हा आतड्यांचा जीवघेणा रोग झालेलं पिल्लू रक्ताची शी करायला लागलं की तास मोजावे लागतात, तेव्हा नंबर शोधत बसता येत नाही. लशींचं साधारण गणित असं: सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली, मग तीन-चार आठवड्यांनी पुढच्या, साधारण सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांच्या सुमारास आणि पुढं डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी. जंताचा डोस आणि गोचिडींचं औषध वेगळं. गोचीड-ताप आपल्याकडे बारा महिने आहे, केवळ पावसाळ्यात नाही. महापालिकेचा परवानाही लागतो, रेबीजचं सर्टिफिकेट हातात आलं की तो काढून टाका.

घराचं काम एका संध्याकाळचं आहे. जमिनीवर हातपाय टेकून, पिल्लाच्या उंचीवरून सगळ्या खोल्या एकदा फिरा. मोबाईल चार्जरच्या वायरी, गॅलरीच्या गजांमधली फट, औषधाच्या गोळ्या, उंदराचं औषध, सगळं लगेच दिसतं. आपल्या स्वयंपाकात कांदा-लसूण नाही असा पदार्थ विरळा, आणि कुत्र्याला दोन्ही विषारी. द्राक्षं, शिऱ्यातले बेदाणे, चॉकलेट हेही. म्हणून ‘उरलेली आमटी-पोळी घालू’ हा बेत आधीच सोडा. पहिला आठवडा ते आधी जे खात होतं तेच द्या, मग हळूहळू बदला. फरशीला फिनेल नको, पिल्लू त्यावरून चालतं आणि पंजे चाटतं. चावायला कडक रबराची दोन खेळणी आणून ठेवा. चौथ्या ते सहाव्या महिन्यात अठ्ठावीस दुधाचे दात पडून बेचाळीस नवे येतात आणि हिरड्या शिवशिवतात. परत आलेलं दुसरं पिल्लू पाच महिन्यांचं होतं, सोफ्याचा कोपरा कुरतडला म्हणून. त्या घरात त्याला चावायला दुसरं काहीच नव्हतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी सगळ्यात जास्त जीव तोडून बोलते ती. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनाचं दार उघडं असतं. या काळात जे शांतपणे भेटलं ते पुढं आपलं वाटतं, जे भेटलं नाही ते परकं आणि भीतीचं. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरच्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. चौदा आठवडे माणसाच्या सहवासाशिवाय वाढलेली पिल्लं नंतर माणसाळवणं किती अवघड जातं, हे तिथं दिसलं. आणि आपण नेमकं या आठवड्यांत ‘लस पूर्ण होऊ दे’ म्हणून पिल्लू घरात कोंडतो. लस पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर सोडायचं नाही हे खरंच. पण कडेवर घ्या, ओढणीत गुंडाळा आणि न्या. मंडईच्या तोंडाशी पाच मिनिटं उभं राहा. रिक्षा, छत्री उघडणारा माणूस, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, काठी टेकत चालणारे आजोबा, बुरखा घातलेल्या बाई, शाळा सुटल्यावरचा गलका, सगळं लांबून दाखवा आणि तोंडात उकडलेल्या चिकनचा कण द्या. ढोल-ताशाचा आवाज मोबाईलवर अगदी बारीक लावून शेजारी जेवणाचं भांडं ठेवा, आवाज रोज थोडा वाढवा. पिल्लू खायचं थांबलं तर आवाज जास्त झाला. गणपतीत आणि दिवाळीत पलंगाखाली थरथरणारी जी कुत्री आपण बघतो, त्यांतल्या कितीतरी जणांना या काळात कुणी कडेवर घेऊन फिरवलंच नव्हतं.

शिकवायचे शब्द आधी ठरवून फ्रिजवर चिकटवा. बाबा ‘सिट’ म्हणतात, आजी ‘खाली बस’, मुलगा ‘डाऊन’, आणि पिल्लू तिघांकडे बघत उभं राहतं. बस, थांब, ये, सोड, एवढे चार पुरेत. त्यानं केलं की त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ. डबा शोधून तीन सेकंदांनी दिलात तर तोवर ते उठलेलं असतं आणि उठण्याचं बक्षीस घेतं. दोन-तीन मिनिटांचा धडा, दिवसातून चार वेळा. शी-शूचंही तसंच: उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर ठरल्या जागी न्या, केली की तिथंच कौतुक करा. घरात केली तर मुकाट्यानं पुसा. नाक घासलं की ते एवढंच शिकतं, की तुमच्यासमोर करायची नाही, पडद्यामागे करायची.

‘मालक कोण ते दाखवून द्या’ असं सांगणारे खूप भेटतील. हे खूळ आलं कुठून, तर रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर जे लिहिलं त्यातून. पुढं रानातल्या लांडग्यांचा अभ्यास करणाऱ्या डेव्हिड मीच यांनी दाखवून दिलं, की रानातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं, तिथं मालकीची मारामारी नसते. पिल्लाला उताणं दाबून धरायला सांगणाऱ्या ट्रेनरला पुन्हा बोलावू नका.

परत आलेलं तिसरं पिल्लू ‘गुरगुरलं’ म्हणून आलं होतं. त्यांच्या घरच्या छोट्याला ते जेवत असताना भांड्यात हात घालायची सवय होती. मी व्हिडिओ मागवून पाहिला. हात आला की पिल्लू आधी खायचं थांबलं. मग मान वळवली. मग नाकावरून जीभ फिरवली. मग डोळ्यांच्या कोपऱ्यातला पांढरा भाग दिसायला लागला आणि अंग लाकडासारखं ताठ झालं. चार वेळा सांगून झाल्यावर पाचव्यांदा ते गुरगुरलं. गुरगुरण्यावर मारलं तर गुरगुरणं बंद होतं आणि पुढच्या वेळी थेट दात लागतो. म्हणून हे इशारे घरातल्या प्रत्येकाला, लहान मुलालाही, पिल्लू यायच्या आधी शिकवा. झोप आलेली नसतानाची जांभई, ओठ चाटणं, मान वळवणं, जागीच थिजणं. शेपूट हलतेय म्हणजे खुशीत आहे असं धरू नका, अंग सैल आहे का ते बघा. जेवताना, झोपताना त्याला हात लावायचा नाही. भांड्याजवळून जायचंच असेल तर जाता जाता त्यात चांगलं काहीतरी टाकायचं, म्हणजे माणूस जवळ आला की काढून घेत नाही, देतो, हे त्याला पटतं. ते पिल्लू आमच्याकडेच राहिलं, नाव चिंगी. तीन आठवड्यांत भांड्यापाशी माझी पावलं वाजली की ती शेपूट हलवायला लागली. तरीही दात किंवा नख लागून रक्त आलंच, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा, घरचं पिल्लू असलं तरी.

आणायचा दिवस शनिवारचा ठेवा, सकाळचा. त्या दिवशी पाहुणे नकोत, वाढदिवस नको. त्याच्या आईच्या अंगाला घासलेलं एक फडकं सोबत आणा आणि त्याच्या टोपलीत ठेवा. टोपली पहिल्या रात्री तुमच्या गादीला लागून असू द्या. ते कुंईकुंई करेल तेव्हा हात खाली सोडा, बोलू नका, उचलू नका, हात तिथं राहू द्या. लशींच्या तारखा त्याच दिवशी कालनिर्णयावर लिहून टाका. चौथ्या दिवशी मी फोन करते, आणि जो उचलेल त्याला पहिलं हेच विचारते, रात्री दोनला कोण उठलं?