केमिकल प्लांटमध्ये नव्याने येताय? आधी पदार्थ ओळखायला शिका

केमिस्ट्रीची किंवा केमिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन प्लांटवर येणाऱ्यांची अडचण बहुधा एकच असते. सूत्रं पाठ असतात, अभिक्रिया कागदावर मांडता येतात, पण समोरच्या ड्रमशी कसं वागायचं ते कळत नाही. मी आधी कच्च्या मालाच्या गोदामात आणि नंतर प्रोसेसमध्ये काम केलं. आता नव्यांना शिकवते. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'मॅडम, यातलं सगळ्यात डेंजर कुठलं?' याला एका नावाचं उत्तर देता येत नाही. पदार्थ किती तीव्र आहे, किती तापमानाला आहे, कशात भरलाय आणि शेजारी काय ठेवलंय, यावर तो कसा वागणार हे ठरतं.

सल्फ्युरिक ॲसिड घ्या. याचा मोठा वाटा फॉस्फेट खतांसाठी जातो, त्यामुळे ते प्रचंड प्रमाणात बनतं आणि साठवलं जातं. 98 टक्क्यांचं ॲसिड साध्या कार्बन स्टीलच्या टाकीत राहू शकतं, कारण पोलादावर आयर्न सल्फेटचा थर बसतो आणि तो आतल्या धातूला वाचवतो. तेच ॲसिड पाण्याने पातळ झालं की थर टिकत नाही, पोलाद झिजू लागतं आणि हायड्रोजन सुटतो. हायड्रोजन हवेत 4 ते 75 टक्क्यांच्या दरम्यान कुठेही पेट घेऊ शकतो. म्हणून रिकामी करून घाईघाईत धुतलेली टाकी मला भरलेल्या टाकीपेक्षा जास्त काळजीची वाटते. दुरुस्तीचं वेल्डिंगही अशाच टाकीवर होतं. धुतली कशी, आत हवा खेळवली का, गॅस मीटर लावून पाहिलं का, हे कळल्याशिवाय मी परमिटवर, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीवर, सही करत नाही.

ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही, हे शाळेपासून ऐकलेलं असतं. कारण मात्र फार थोडे सांगतात. तीव्र सल्फ्युरिक ॲसिडची घनता 1.84 असते. वरून ओतलेलं हलकं पाणी पृष्ठभागावरच राहतं, तिथल्या तिथे उकळतं आणि ॲसिडसकट अंगावर उडतं. कारण ठाऊक असलं की नियम घाईतही विसरला जात नाही, म्हणून प्रत्येक नियमाचं कारण विचारा.

कॉस्टिक सोड्याला नवी मुलं ॲसिडइतकी घाबरत नाहीत आणि याचीच मला धास्ती वाटते. डोळ्यात ॲसिड गेलं तर प्रथिनं साकळतात आणि बऱ्याचदा तिथेच थोडा अडथळा तयार होतो. कॉस्टिकसारखी अल्कली चरबीचा साबण करत, प्रथिनं विरघळवत आत आत जाते. डोळे लगेच, पापण्या उघड्या धरून, निदान 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायचे. जळजळ कमी झाली म्हणून मध्येच थांबायचं नाही. कामाच्या जागेपासून आय वॉश, म्हणजे डोळे धुण्याचा फवारा, 10 सेकंदांत गाठता आला पाहिजे. पहिल्याच दिवशी तो रस्ता चालून बघा, वाटेत ड्रम रचलेले नाहीत ना हेही पाहा. कॉस्टिकची आणखी एक खोड: 50 टक्क्यांचं द्रावण साधारण 12 अंश सेल्सिअसलाच गोठू लागतं. थंडीत पाइपलाइन तुंबली की कुणीतरी फ्लँज, म्हणजे पाइपचा बोल्ट लावलेला जोड, ढिली करायला जातो आणि मागे अडकलेला दाब अंगावर येतो.

हायड्रोफ्लोरिक ॲसिड हाताळायचं असेल तर वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय हात लावू नका. पातळ द्रावण लागलं तर दुखायला काही तास लागू शकतात, तोवर फ्लोराइड आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. नुसतं पाणी पुरत नाही. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी हवं आणि डॉक्टरांना आधीपासून माहिती हवी.

सॉल्व्हंटच्या, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवांच्या, बाबतीत फ्लॅश पॉइंट हा आकडा मनात पक्का बसवा. ज्या तापमानाला द्रवावरची वाफ ठिणगीने पेटण्याइतकी होते ते हे तापमान. टोल्युइनचं सुमारे 4 अंश, मिथेनॉलचं सुमारे 11, ॲसिटोनचं तर शून्याखाली 20 च्या आसपास. म्हणजे उघड्या ड्रमवर पेटू शकणारी वाफ आधीच आहे, फक्त ठिणगी यायची बाकी आहे. टोल्युइन आणि ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकते, गटारात उतरते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. मिथेनॉलची ज्योत भर दिवसा जवळपास दिसतच नाही.

ठिणगी नेहमी काडीपेटीतूनच येते असंही नाही. टोल्युइन विजेचं वाईट वाहक आहे. पाइपमधून वाहताना त्यात स्थिर विद्युत साठते. म्हणून ड्रम आणि भांडं एकमेकांना तारेने जोडायचं आणि दोन्हींना अर्थिंग द्यायचं, म्हणजे जमिनीशी जोडायचं. क्लिप रंगावर लावली तर जोडणी होतच नाही, रंग खरवडून धातूला लागली पाहिजे. प्लॅस्टिकच्या बादलीत सॉल्व्हंट काढून नेणारे जुने कामगारही मी पाहिलेत. ते अनुभवी असले तरी त्यांना अडवा.

नाकावर विसंबू नका. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास अगदी कमी प्रमाणातही येतो, पण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास वास घेण्याची शक्तीच मरते. वास गेला म्हणजे गॅस गेला, असं समजून माणसं आत शिरतात. नायट्रोजनला तर वासच नाही, आणि हवेत तोच 78 टक्के असल्यामुळे त्याची भीतीही वाटत नाही. हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो, 19.5 च्या खाली गेला की ती जागा श्वासासाठी अपुरी धरतात. तो फार घटला असेल तर दोनतीन श्वासांत माणूस कोसळतो, मग दुसरा त्याला वाचवायला उतरतो आणि तोही कोसळतो. आत कुणी पडलेलं दिसलं तर ओरडा, अलार्म वाजवा, पण श्वसनयंत्राशिवाय उतरू नका. हे मी अगदी हात जोडून सांगते.

शेजारी काय ठेवलंय याला महत्त्व का, याचं उदाहरण म्हणून 21 ऑक्टोबर 2016 ची घटना सांगते. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या ॲचिसन गावी टँकरमधलं सल्फ्युरिक ॲसिड चुकून सोडियम हायपोक्लोराइटच्या टाकीत गेलं. क्लोरीनचा ढग उठला आणि 140 हून अधिक जणांना उपचार घ्यावे लागले. दोन्ही पदार्थ रोजच्या वापरातले, पण भरण्याची तोंडं जवळजवळ आणि सारखीच दिसणारी. टँकर खाली करताना कागद, टँकरवरची पाटी आणि टाकीच्या तोंडावरची पाटी या तिन्हींवरचं नाव मोठ्याने वाचा. लाज वाटू देऊ नका.

हातमोज्यांबद्दलही तेच. 1996 मध्ये रसायनशास्त्रज्ञ कॅरन वेटरहान यांच्या लॅटेक्स हातमोज्यावर डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब पडले. पुढच्या वर्षी पाऱ्याच्या विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. हातमोजा घातलेला होता, पण त्या पदार्थासाठी तो चालणारा नव्हता. निळा नायट्राइल सगळीकडे मिळतो म्हणून ॲसिटोनला वापरू नका, त्याला ब्यूटिल रबर लागतं.

हे सगळं एसडीएसमध्ये, म्हणजे पदार्थासोबत येणाऱ्या सेफ्टी डेटा शीटमध्ये, सापडतं. त्याचे 16 विभाग ओळीने वाचत बसलात तर कंटाळाल. मी आधी दुसरा म्हणजे धोके, मग नववा म्हणजे भौतिक गुणधर्म, मग दहावा म्हणजे कशाशी जमत नाही ते, आणि त्यानंतर आठवा म्हणजे बचावाची साधनं व चौथा म्हणजे प्रथमोपचार वाचते. वाचण्याआधी कॅस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, जुळवते. नाव थोडं इकडचं तिकडे झालं तर पदार्थच बदलतो. टोल्युइन 108-88-3, बेंझीन 71-43-2, आणि या दोघांपैकी बेंझीन रक्ताचा कर्करोग करू शकतं.

बेंझीन, सिलिकाची धूळ, सहा संयुजेचं क्रोमियम यांचा त्रास वर्षानुवर्षांनी दिसतो. म्हणून रुजू होतानाच रक्त, फुप्फुसं आणि श्रवण यांची तपासणी करून घ्या, दरवर्षीच्या अहवालाची प्रत मागा आणि नोकरी बदलली तरी ती फाइल सोबत न्या. पुढच्या डॉक्टरला तुलना करायला दुसरं काहीच नसतं.