गाऊटची गोळी चालू असताना अंगठा सुजला तर
गाऊट म्हणजे युरिक अॅसिडचे खडे सांध्यात साठून होणारी सांधेदुखी. युरिक अॅसिड कमी करायची रोजची गोळी घेऊनही रात्री तीनला अंगठा असा ठणकतो की चादर लागलेली पण सहन होत नाही, मग आपण वैतागून गोळीच बंद करतो, मी पण केलेली, तिथंच चुकलं. सुरुवातीचे काही महिने सांध्यातले खडे विरघळताना असे गाऊटचे अटॅक येऊ शकतात, डॉक्टर सांगत नाहीत तोवर गोळी सोडायची नाही. अटॅक चालू असताना युरिक अॅसिडचा रिपोर्ट नॉर्मल पण येतो, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी परत टेस्ट करा, 6 mg/dL च्या खाली हवं. बीपीसाठी लघवीची गोळी असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, तिनं युरिक अॅसिड वाढतं. आणि उन्हाळ्यात सिंहगड उतरलात की भरपूर पाणी, बियर अजिबात नको. पिठलं-भाकरी खा की बिनधास्त, डाळीनं युरिक अॅसिड वाढतं म्हणून उगाच बाऊ करतात लोक.