जुन्या घड्याळांची पारख शिकताना

बेळगावच्या खडेबाजारात एका घड्याळजींच्या हाताखाली मी सहा वर्षे उमेदवारी केली आणि आता जुनी घड्याळे तपासून देण्याचे काम स्वतंत्रपणे करतो. या कामात नव्याने येणाऱ्यांना वाटते की बनावट घड्याळ म्हणजे पूर्णच नकली. तसले घड्याळ सहा महिन्यांत कोणालाही ओळखता येते. संग्राहक फसतो तो जोडाजोडीच्या घड्याळाला: मशीन एकाचे, केस दुसऱ्याची, काटे तिसऱ्याचे आणि डायल नव्याने छापलेली. सुटे पाहिले तर बहुतेक भाग अस्सल असतात, पण त्या रूपात ते घड्याळ कारखान्यातून कधी बाहेर पडलेलेच नसते.

मीही असाच चकलो. चौथ्या वर्षी खानापूर तालुक्यातील एक निवृत्त हवालदार १९६० च्या दशकातले म्हणून विकत घेतलेले ओमेगा घेऊन आले. मागचे झाकण उघडून मी मशीनचा तांबूस मुलामा, त्यावरचा क्रमांक आणि बॅलन्सची (मागेपुढे डोलणाऱ्या चाकाची) चाल पाहिली आणि घड्याळ चोख असल्याचे सांगून मोकळा झालो. काकांनी (माझ्या घड्याळजींना दुकानात आम्ही सगळे काकाच म्हणत असू) ते हातात घेतले, क्षणभर टॉर्च डायलवर धरली आणि दुकानातला दिवा मालवला. तासांच्या खुणा हिरव्यागार उजळल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. डायलच्या तळाशी मात्र ‘स्विस मेड’ या शब्दांच्या दोन्ही बाजूंना बारीक ‘टी’ छापलेला होता, म्हणजे रंगात ट्रिटियम, म्हणजे खुणांना उजळवणारा किरणोत्सारी पदार्थ, असायला हवे होते. ट्रिटियम दर १२.३ वर्षांनी निम्मे होते. साठ वर्षांत ते तिसाव्या हिश्श्याच्या आसपास उरते आणि खुणा काळोखात जवळजवळ मुक्या होतात. डायल नवी होती. त्यांच्यासाठी मागवलेला चहा हवालदारसाहेबांनी तसाच ठेवला आणि ते निघून गेले.

मोठ्यांचेही असेच होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात ओमेगाचे ‘स्पीडमास्टर’ मॉडेलचे एक जुने घड्याळ ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेले. ते खुद्द ओमेगानेच आपल्या संग्रहालयासाठी घेतले होते. २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केले की ते निरनिराळ्या घड्याळांचे भाग जोडून तयार केलेले होते आणि त्यात तिचे माजी कर्मचारी गुंतलेले होते.

हात बसवायचा तर एचएमटीवर बसवावा. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरात हा कारखाना उभा राहिला, त्यामुळे आमच्या भागात मराठा रेजिमेंटच्या निवृत्तांपासून शिक्षकांपर्यंत अनेकांच्या कपाटात एखादे ‘जनता’ किंवा ‘पायलट’ सापडते. असे एकाच मालकाच्या वापरातले घड्याळ आणि बाजारात मिळणारे भडक रंगाच्या डायलचे ‘जनता’ शेजारी ठेवून आयग्लासमधून (डोळ्याला लावायच्या भिंगातून) पाहावे. पुनर्मुद्रित डायलवर अक्षरांच्या कडा फुगलेल्या दिसतात आणि मिनिटांच्या रेघा कधी कधी खुणांना नीट भिडत नाहीत. आठवडाभर रोज हे पाहिले की नजर आपोआप अडखळू लागते.

रोलेक्सच्या जुन्या मॉडेलांत क्रमांक पट्ट्याखाली, केसच्या दोन शिंगांमध्ये कोरलेला असतो, म्हणून पट्टा काढू न देणाऱ्या विक्रेत्याशी दराची बोलणी सुरूच करू नयेत. आणखी एक गोष्ट जिवाची आहे: ट्रिटियमपूर्वीच्या डायलवर रेडियम हा त्याहून घातक किरणोत्सारी पदार्थ असू शकतो. ते चमकत नसले तरी त्याचा किरणोत्सर्ग सुमारे १६०० वर्षांनी निम्मा होतो, म्हणून तो रंग खरवडून पाहू नये आणि त्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नये.

आता मी तपासणीच्या पावतीवर संपूर्ण घड्याळासाठी ‘अस्सल’ हा शब्द लिहीत नाही. मशीन, केस, डायल, काटे आणि चावी यांच्या पाच वेगळ्या ओळी लिहितो. काही गिऱ्हाइकांना हे आवडत नाही, आणि ती पलीकडच्या गल्लीतून एका ओळीची पावती घेऊन येतात.