नवं पिस्तूल पहिल्यांदा रेंजवर नेताय? आधी मॅगझिनवर नंबर टाका

परवाना, ओळखपत्र, पिस्तूल, गोळ्या. हे विसरणाऱ्याला यादीचा उपयोग नाही, तेव्हा ते सोडून देतो. कॉम्पॅक्ट पिस्तूल नुकतंच हातात आलंय आणि ते पहिल्यांदाच रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, न्यायचंय, अशा माणसासाठी हे लिहितोय. मागच्या वेळी मी बाकी सगळं नेलं होतं, तरी दीडशे गोळ्या आणि पुढचे तीन आठवडे पाण्यात घातले. कारण? चार मॅगझिनं (गोळ्या भरून पिस्तुलाच्या मुठीत सरकवायची खोकी), चारही काळी, चारही हुबेहूब, आणि एकावरही नंबर नाही.

म्हणून पहिलं काम हेच. पांढरा पेंट मार्कर घ्या, नाहीतर नेलपेंट. प्रत्येक मॅगझिनच्या तळाच्या पट्टीवर ठसठशीत आकडा टाका: १, २, ३, ४. तळावरच, कारण मुठीत सरकणाऱ्या भागावर रंगाचा थर नको. वाळू द्या. दोन मिनिटांचं काम आहे, आत्ता उठून करा आणि मग पुढचं वाचा.

काय झालं ते सांगतो. पिस्तुलाचं नाव सांगत नाही, कारण चूक त्याची नव्हतीच. पिस्तुलासोबत दोन मॅगझिनं आली होती, एक जादा घेतलं आणि एक मित्राने त्याचं जुनं दिलं. पहिल्या वीसेक गोळ्या छान गेल्या. मग स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, अर्ध्यावर थांबली. रिकामी पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीतून पितळ चमकतंय, गोळीचं नाक वर, बॅरलच्या (नळीच्या) कडेला टेकलेलं. काढलं, पुन्हा भरलं, दहा गोळ्यांनी पुन्हा तेच. शेजारचा म्हणाला गोळ्या बदला. बदलल्या. दुसरा म्हणाला तेल घाला. घातलं. तिसरा म्हणाला मनगट ढिलं आहे. मी इतकं घट्ट धरलं की संध्याकाळी चहाचा कप उचलताना हात थरथरत होता. दिवसभरात अकरा वेळा अडकलं. ते कुठल्या मॅगझिनमध्ये, हे मात्र विचारायचं कुणालाच सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.

वैतागून पिस्तूल आर्मररकडे, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे दिलं, सोबत डब्यातलं एकच मॅगझिन. त्याने तीन आठवडे ठेवून घेतलं, पन्नास गोळ्या झाडल्या, एकदाही अडकलं नाही. दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसल्याबरोबर दुखायचा थांबलेला दात असतो ना, तसं. पुढच्या खेपेला नंबर टाकून गेलो, प्रत्येकातून चाळीस गोळ्या. १, २, ३ निर्दोष. ४ नंबर पाच वेळा अडकलं. मित्राचं जुनं. घरी व्हर्नियरने मोजलं, तर वरच्या, गोळी धरून ठेवणाऱ्या दोन ओठांमधलं अंतर इतरांपेक्षा जवळपास अर्धा मिलिमीटर जास्त. कधीतरी सिमेंटवर आपटलं असणार. ओठ फाकले की काडतूस लवकर सुटतं, नाक वर करतं आणि अडकतं. बस, एवढंच होतं.

हे कॉम्पॅक्टमध्ये जास्त का जाणवतं, तेही समजून घ्या. कॉम्पॅक्ट म्हणजे किती, याचं माप बरेच जण ग्लॉक १९ या पिस्तुलावर लावतात: १९८८ मध्ये आलेलं, बॅरल साधारण १०२ मिलिमीटर, मॅगझिनमध्ये १५ गोळ्या. त्याचा थोरला भाऊ ग्लॉक १७, बॅरल ११४ मिलिमीटर, गोळ्या १७. फरक बोटभराचाही नाही, पण स्लाइड आखूड झाली की हलकी होते, आणि काडतूस मात्र तेच, तितक्याच जोराचं. हलकी स्लाइड वेगाने मागे जाते आणि वेगाने पुढे येते. तेवढ्या वेळात मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढची गोळी वर आणून नीट उभी करायची असते. मोठ्या पिस्तुलात खपून जाणारं सुमार मॅगझिन इथे उघडं पडतं. नंबर टाकलेत का?

आदल्या संध्याकाळचं काम. पिस्तूल रिकामं करा, आणि क्रम चुकवू नका: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, मग चेंबरमध्ये, म्हणजे नळीत गोळी बसते त्या जागी, डोळ्याने बघा आणि बोटानेही चाचपा. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढलीत तर तुम्ही गोळी काढत नाही, भरता. मॅगझिन काढल्यावर पिस्तूल उडत नाही, हा समज डोक्यातून काढा, बहुतेक उडतात. शिवाय काही पिस्तुलं उघडण्याआधी ट्रिगर दाबावाच लागतो, तेव्हा हा क्रम अशा वेळी दोनदा करा. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा.

कारखान्यातून आलेल्या पिस्तुलावर जे तेल किंवा ग्रीस असतं ते बहुधा साठवणीचं असतं, चालवण्याचं नव्हे. ते पुसून घ्या. बॅरलमधून कोरडं फडकं काढा. मग स्लाइड ज्या रुळांवर सरकते तिथे एकेक थेंब, बॅरलच्या वरच्या घासणाऱ्या भागावर एक थेंब, संपलं. चेंबरमध्ये नको, फायरिंग पिनच्या भोकात नको, मॅगझिनच्या आत तर अजिबात नको, तिथे तेल म्हणजे धुळीला आमंत्रण. मी पहिल्या दिवशी रेंजवरच घाबरून इतकं तेल ओतलं होतं की चष्म्यावर शिंतोडे आले.

गोळ्या. डब्यावर नुसतं ‘९ मिमी’ वाचून निघू नका. ९×१९ म्हणजे गेओर्ग लुगरची १९०२ सालची, सर्रास वापरात असलेली. ९×१८ ही माकारोव्ह पिस्तुलाची, तिची गोळी जाडीलाच वेगळी, सुमारे ९.२७ मिलिमीटर. ९×१७ म्हणजे .३८० एसीपी, हे तिसरंच काडतूस. बॅरलवर कोरलेलं आणि डब्यावर छापलेलं अक्षरन्‌अक्षर जुळलं पाहिजे. पहिल्या दिवशी दीडशे ते दोनशे गोळ्या न्या, शक्यतो दोन वेगवेगळ्या वजनांच्या, ११५ आणि १२४ ग्रेन (गोळीच्या वजनाचं एकक). म्हणजे पिस्तुलाला काय मानवतं ते कळेल. आणि प्रत्येक डबा चारही मॅगझिनांतून वाटून झाडा. एका मॅगझिनमधून एकच प्रकार चालवलात तर दोष गोळीचा की मॅगझिनचा, हे पुन्हा कळणार नाही, आणि तुम्ही माझ्यासारखेच शेजाऱ्यांचे सल्ले गोळा करत बसाल.

मॅगझिन लोडर, म्हणजे गोळ्या दाबून भरायचं साधन, घ्या. नवीन स्प्रिंग असते तेव्हा शेवटच्या दोन-तीन गोळ्या अंगठ्याची साल काढतात, आणि दुखऱ्या अंगठ्याने मूठ नीट बसत नाही.

कान आणि डोळे. बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, आखूड बॅरलचा तर जास्तच टोचतो. बंद रेंजमध्ये कानात फोमचे बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही. डोळ्यांना बाजू झाकणारा चष्मा, साधा नंबरचा पुरत नाही. कपड्यांत एकच गोष्ट: गळा बंद. तापलेली पुंगळी उघड्या गळ्यातून आत गेली की माणूस नाचायला लागतो आणि हातात भरलेलं पिस्तूल असतं. टोपीला पुढे छज्जा हवा, नाहीतर पुंगळी चष्म्याच्या आत शिरते.

आणि वही, पेन. फोन नको, हात काळे असतात. वहीत चार रकाने: मॅगझिन नंबर, गोळीचा प्रकार, किती झाडल्या, काय बिघडलं. पहिला रकाना रिकामा राहिला तर बाकीचे तीन लिहूच नका, त्यांचा उपयोग शून्य आहे. हे अनुभवाने सांगतोय.

रेंजवर पोचल्यावर पहिल्या फेरीला मॅगझिनमध्ये दोनच गोळ्या भरा. पिस्तूल किती उसळतं ते कळतं, आणि दुसऱ्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकून राहते का तेही बघता येतं. नाही राहिली तर लगेच तोंड वाकडं करू नका. कॉम्पॅक्टच्या मुठीवर जागा कमी, त्यामुळे अंगठा नकळत स्लाइड-स्टॉपवर, म्हणजे स्लाइड मागे अडकवून ठेवणाऱ्या खटक्यावर बसतो आणि त्याला वर येऊच देत नाही. इथे वही बघा. चारही मॅगझिनांत होतंय तर अंगठा तुमचा. एकाच नंबरमध्ये होतंय तर त्याची स्प्रिंग किंवा आतला फॉलोअर, म्हणजे गोळ्यांखालची सरकती पट्टी. नंबर नसेल तर शुभेच्छा.

करंगळीला कधी कधी जागा पुरत नाही, ती मुठीखाली लोंबते. त्याची सवय होते, पण मॅगझिन घालताना तळहाताची कातडी चिमटते त्याची होत नाही. मूठ जितकी वर धरता येईल तितकी वर धरा. मनगट खरंच ढिलं असेल तर आखूड स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी खिडकीत उभी अडकते. म्हणजे तो तिसरा माणूस अगदीच चुकीचा नव्हता, फक्त माझा आजार वेगळा होता.

नेम फारसा लागला नाही तर लाजू नका. पुढची आणि मागची माशी (नेम धरायच्या खुणा) यांत अंतर साधारण १५ सेंटीमीटर असेल, तर पुढची माशी एक मिलिमीटर सरकली की दहा मीटरवर गोळी सहा-सात सेंटीमीटर सरकते. टार्गेट पाच-सात मीटरवर लावा. पंचवीस मीटरचा पराक्रम नंतर.

दोन गोष्टींत मात्र घाई नाही म्हणजे नाही. ट्रिगर दाबला आणि काहीच झालं नाही, तर नळी समोरच धरून तीस सेकंद थांबा, गोळी उशिरा उडू शकते. आणि आवाज नेहमीसारखा न येता ‘फुस्स’ आला तर पुढची गोळी झाडायचीच नाही. आधीची गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी गेली तर नळी फाटते. थांबा, रिकामं करा, नळी तपासून घ्या, रेंज ऑफिसरला बोलवा.

परतताना: मोजून गोळ्या परत, पिस्तूल रिकामं, डब्यात, कुलूप. हात गार पाणी आणि साबणाने धुवा, मग खा. शिशाची भुकटी असते. कपडे वेगळे धुवा, त्या कपड्यांत लहान मुलांना उचलून घेऊ नका.

घरी साफसफाई त्याच दिवशी. नळी, रूळ, थेंबभर तेल. मॅगझिनं उघडून कोरड्या कापडाने पुसा आणि ज्याचा तळ त्यालाच लावा. एकदा मी २ चा तळ ३ ला लावून टाकला होता. सॉल्व्हंटने आकडे पुसट होतात, तेव्हा मार्कर साफसफाईच्या डब्यातच ठेवा.

४ नंबर मी फेकलं नाही. त्यावर लाल फुली मारली आहे. अडकलेली गोळी काढायचा सराव करायला ते न्यावं लागतं, आणि त्या कामात ते कधी चुकत नाही.